रावेरचा धडा रावेरच्या पोरांनी

महाराष्ट्रातल्या शाळांत बहुतेक पाठ्यपुस्तकं सगळ्यांना सारखीच असतात. पाचवीचं गणित गडचिरोलीत आणि वेंगुर्ल्यात एकच. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं मात्र तसं नाही. ते पुस्तक बालभारतीने जिल्ह्यागणिक वेगळं काढत आणलं आहे: जळगावच्या मुलाला जळगाव जिल्ह्याचं, धुळ्याच्या मुलाला धुळ्याचं. १९६७ साली स्थापन झालेल्या राज्यभराच्या संस्थेने एवढा खटाटोप या एका विषयासाठी केला. आठ वर्षांच्या मुलाला समाज शिकवायचा तर सुरुवात त्याच्या अंगणापासून करावी लागते, हे आपल्याकडे फार पूर्वीच मान्य झालेलं आहे.

अडचण त्याच्या पुढची आहे. जळगाव जिल्ह्यात तालुके १५. अमळनेरचं पोर घरात अहिराणी बोलतं. रावेरच्या पोराच्या घरात लेवा बोली, तडवी, पावरी, नाहीतर उर्दू. चाळीसगावला दक्षिणेचे डोंगर दिसतात, रावेरला उत्तरेचा सातपुडा. रावेरहून जिल्ह्याचं गाव गाठायचं तर भुसावळ ओलांडून जावं लागतं, आणि बुऱ्हाणपूर त्याहून कितीतरी जवळ, पण ते मध्य प्रदेशात. जिल्ह्याचा नकाशा जिथे संपतो तिथून पुढे अर्ध्या वर्गाचे मामा राहतात. जिल्ह्याच्या पुस्तकात एका तालुक्याच्या वाट्याला येऊन येऊन किती ओळी येणार? उरलेला तालुका शिक्षकाच्या माथी येतो.

तुमच्या हातातलं हे पुस्तक त्या उरलेल्या भागाबद्दल आहे. प्रोजेक्टर, मोबाइल, ध्वनिमुद्रण, चित्रफीत, उपग्रहचित्र, नकाशा ही साधनं वापरून पहिली ते पाचवीच्या मुलांना परिसर अभ्यास कसा शिकवावा, हा त्याचा विषय. ज्यांना तयार पेनड्राइव्ह हवा आहे त्यांचा वेळ जाऊ नये म्हणून आधीच सांगतो: रावेरच्या मुलांसाठी हे साहित्य बाजारात मिळत नाही आणि मिळणारही नाही. विज्ञानाचं मिळतं, कारण हृदय सगळ्यांचं एकाच ठिकाणी धडधडतं. गणिताचं तर ढिगाने मिळतं. पण सुकी आणि भोकर या दोन नद्यांसाठी चित्रफीत काढायला कुठली कंपनी सातपुड्याच्या पायथ्याशी येणार आहे? ते शिक्षकाने आणि मुलांनी मिळून बनवायचं, आणि बहुतेक शिकणं बनवतानाच होतं. पुढची सगळी प्रकरणं या एका समजुतीवर उभी आहेत.

आयतं घ्यायला गेलं की काय होऊ शकतं, याचा एक नमुना. रावेर आणि पेशवे हे दोन शब्द एकत्र शोधले की समोर थोरले बाजीराव येतात. २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचं निधन झालं ते रावेरखेडीला. ती रावेरखेडी नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात; आपलं रावेर तापीच्या खोऱ्यात, मध्ये सातपुडा. घाईत तयार केलेल्या पीपीटीत ही दोन गावं एक व्हायला वेळ लागत नाही, आणि मग मुलं घरी जाऊन आजोबांना विचारतात की बाजीरावांची समाधी आपल्या गावात कुठे आहे. आपल्या रावेरचा पेशवाईशी संबंध होता, पण तो असा: १७६३ मध्ये ते निजामाकडून पेशव्यांकडे आलं आणि पेशव्यांनी ते होळकरांना दिलं. गोष्ट छोटी आहे, तेवढी नाट्यमयही नाही. पण ती या गावाची आहे.

आता ‘इंटरॅक्टिव्ह’ या शब्दाची कसोटी. शाळांना दाखवलं जाणारं बरंचसं साहित्य असं असतं: पडद्यावर चार पर्याय येतात, मूल एकाला बोट लावतं, बरोबर असेल तर टाळ्या वाजतात, चूक असेल तर ‘पुन्हा प्रयत्न कर’. मुलांना गंमत वाटते हे खरं. पण ही घोकंपट्टीच, फक्त आवाज काढणारी. मुलाने जे केलं त्यामुळे पुढे येणारी गोष्ट बदलली का, एवढंच विचारायचं. आजीने सांगितलेलं ध्वनिमुद्रण ऐकून मुलाला नवा प्रश्न पडला, तो प्रश्न घेऊन ते पुन्हा गावात गेलं, परत येऊन त्याने नकाशावर एक खूण हलवली: हा संवाद झाला. यात महागडा टच पॅनल लागतोच असं नाही.

पडद्याचा आणि आपल्या शाळांचा इतिहास फार लांब नाही, तरी उतरणीला लागलेली स्वप्नं त्यात बरीच आहेत. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये सुरू झाली, दूरदर्शनवरून मुलांपर्यंत मराठी शैक्षणिक कार्यक्रम घेऊन गेली आणि २०१७ मध्ये बंद पडली. तिच्या कार्यक्रमांत कष्ट होते. पण दूरदर्शन एका बाजूनेच बोलतं, पोराने उलट विचारायची सोय त्यात नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या वस्तीवर ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचे हिरवे-पांढरे संगणक आले; एका शिक्षकाच्या शाळेत एकेक मूल आपला संगणक घरी नेऊ लागलं. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर येऊ लागले. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघायला शिक्षकांच्या गाड्या जात. २०१७ मध्ये केंद्राचा दीक्षा मंच आला, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले. त्या कोडमागची कल्पना माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत आधीच राबवलेले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. त्याच वर्षी करोनाने शाळा बंद होत्या आणि क्यूआर कोडची खरी परीक्षा चालली होती. ती अवघड गेली, कारण कोड वाचणारा फोन घरात एकच, आणि तो बापाबरोबर शेतात.

या सगळ्यातून साधनांविषयी कडू बोलणारा एक वर्ग तयार झाला. त्यांच्या मदतीला एक अमेरिकन अभ्यासक आधीपासून उभा आहे. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये असा मुद्दा मांडला की माध्यमं ही केवळ वाहनं आहेत. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं आपलं पोषण सुधारत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं सुधारत नाही. या मुद्द्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मला तो बराचसा पटतो, पण ट्रकच्या दाखल्याशी रावेरचा माणूस सहमत होणार नाही. केळीचा घड बागेतून निघाल्यापासून तो कसा उचलला, उन्हात किती वेळ राहिला, ट्रकमध्ये कसा रचला, वॅगनने गेला की रस्त्याने, यावर दिल्लीत तो कुठल्या भावाने जाईल हे ठरतं. वाहन माल घडवत नाही, पण बिघडवू नक्की शकतं. गावाची माहिती टाळ्यांच्या आवाजात आणि नाचणाऱ्या अक्षरांत भरून दिली की ती वाटेतच काळी पडते. मजकूर पडद्यावर लिहून तोच मोठ्याने वाचून दाखवला आणि वर पार्श्वसंगीत लावलं तर मुलाच्या डोक्यात कमी उतरतं, हे रिचर्ड मेयर यांच्यासारख्या संशोधकांनी प्रयोगांनी दाखवलं आहे. चित्र असेल तेव्हा बोला, लिहू नका. आणि संगीत बंद ठेवा. पीपीटीच्या प्रकरणाचं सार मी इथेच दिलं, ते प्रकरण तसं रुक्ष आहे.

आता रावेरकडे येतो.

उन्हाळ्यातलं एखादं उपग्रहचित्र उघडा. इस्रोचं भुवन किंवा गुगल अर्थ, कुठलंही चालेल. मे महिन्यात सगळा खानदेश तपकिरी असतो. सातपुडा करडा, तापीच्या दक्षिणेला उघडी काळी शेतं. आणि डोंगर व नदी यांच्या मधोमध यावल-रावेरचा पट्टा हिरवागार. हे चित्र मुलांना काही न सांगता दाखवावं आणि गप्प बसावं. हिरवं काय आहे ते त्यांना लगेच कळतं, केळी. मग पुढचा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो: एवढं पाणी येतं कुठून? इथे पुस्तकातला ‘पाण्याचे स्रोत’ हा धडा अचानक घरचा होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि रेतीचा जाड थर आहे, त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरचं पाणी त्यात मुरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं. पण यावल आणि रावेर हे भूजलाचा अतिउपसा होणारे तालुके म्हणून ओळखले जातात, आणि तापीचं पुराचं पाणी या थरात जिरवण्याच्या मेगा रिचार्ज योजनेची चर्चा गावोगावी वर्षानुवर्षं चालू आहे. आजोबांच्या वेळी विहीर होती, बापाच्या वेळी बोअर झालं, आता जुनं बोअर सोडून नवं घेतात. हा खानदेशाचा इतिहासच आहे, आणि तो कुठल्याही पुस्तकापेक्षा घरातल्या तीन पिढ्यांना जास्त ठाऊक आहे.

तोच हिरवा पट्टा अर्थशास्त्रही शिकवतो. मृगबाग, कांदेबाग आणि पिलबाग या केळीच्या बागांतला फरक केळी पट्ट्यातलं चौथीचं मूल शिक्षकाला समजावून सांगू शकतं; बदलून आलेल्या शिक्षकाला तर ते सांगावंच लागतं. मग त्याच्यावर एक साधा खेळ बांधता येतो. लागवड कधी करायची? ठिबकवर पैसे घालायचे का? घड तयार आहे, आजचा भाव पडलेला आहे. कापायचं की आठ दिवस थांबायचं? आणि जूनच्या तोंडाशी वादळ येतं, जसं ते जवळजवळ दरवर्षी येतं, आणि उभी बाग आडवी होते. विमा काढला होता का? प्रत्येक निर्णयावर पुढची पाटी वेगळी. पीपीटीतल्या हायपरलिंकवर हा खेळ होतो, आणि संगणक नसेल तर भिंतीवर चिकटवलेल्या कागदांवरही होतो.

हे मी कल्पनेतून सांगत नाही. सामाजिक शास्त्रांच्या वर्गासाठी जन्मलेला जगातला सर्वांत प्रसिद्ध संगणकीय खेळ असाच होता. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसला डॉन रॉविट्श हा शिकाऊ शिक्षक आठवीला इतिहास शिकवत होता. पश्चिमेकडे बैलगाड्यांतून निघालेल्या वसाहतकऱ्यांचा प्रवास मुलांना कळावा म्हणून त्याने दोन मित्रांच्या मदतीने ‘ओरेगॉन ट्रेल’ बनवला. त्या वेळी पडदाही नव्हता. टेलिप्रिंटरवर कागदाची पट्टी निघायची: अन्न इतकं उरलं, नदी आली, काय करता? मुलं रांग लावून खेळत. पुढच्या दशकांत तो खेळ अमेरिकेतल्या लाखो मुलांनी खेळला. चित्र एकही नसताना तो चालला, याचं कारण निर्णय मुलाच्या हातात होता.

पण त्या खेळावर नंतर जी टीका झाली तीही रावेरच्या शिक्षकाने वाचली पाहिजे. खेळात तुम्ही नेहमी गाडीत बसलेले असता. ज्यांच्या जमिनीवरून गाडी जाते ते मूळ रहिवासी एक तर वाटेतला धोका, नाहीतर मदतनीस. आता हाच साचा खानदेशात आणून बघा. सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगलांच्या काळातला मोठा व्यापारी मार्ग खानदेशातून जात होता. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने बुऱ्हाणपूरला पोहोचला. कापड, नीळ, बैलांचे तांडे: खेळासाठी यापेक्षा सुरेख विषय सापडणार नाही. मुलं व्यापारी होतील, मुक्काम ठरवतील, पहाऱ्यावर पैसे खर्च करतील. आणि रात्री तांड्यावर दरोडा कोण घालणार? जुन्या इंग्रजी कागदपत्रांच्या आधारे खेळ बांधला तर उत्तर तयार आहे: भिल्ल. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली तिचा इतिहासही ‘रानटी लोकांना वळण लावलं’ अशाच थाटात लिहिला गेला. तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर तडवी भिल्ल मुलगी बसलेली आहे, तिच्या मागे पालच्या बाजूच्या पाड्यावरून आलेला पावरा मुलगा. टाळ्या वाजवणाऱ्या खेळात त्यांना कुठल्या बाजूने खेळायला सांगणार?

म्हणून या पुस्तकातला सुरत-बुऱ्हाणपूर वाटेचा खेळ दोनदा खेळायचा आहे. एकदा तांड्याच्या बाजूने आणि एकदा डोंगरातल्या गावाच्या बाजूने. दुसऱ्या खेपेला प्रश्न बदलतात. या वाटेवर शतकानुशतकं वाटरखणीचा, म्हणजे वाट राखून त्याचा पैसा घेण्याचा, हक्क कोणाचा होता? तो पैसा नव्या राज्याने बंद केला तर गावाने काय करावं? मुलांची उत्तरं सारखी येणार नाहीत, आणि ती सारखी करण्याच्या फंदात शिक्षकाने पडू नये.

पावरा मुलाचा उल्लेख आलाच आहे तर उपग्रहचित्राचीही दुसरी बाजू सांगून टाकतो. १९८४ पासूनची चित्रं एकामागून एक दाखवणारी सोय गुगल अर्थवर २०२१ पासून आहे. पाल आणि यावल अभयारण्याच्या बाजूला ती चालवली की जंगल कुठे विरळ झालं ते दिसतं, आणि वर्गातून कोणीतरी लगेच म्हणतं, ‘यांनी तोडलं, सर.’ बोट कोणाकडे असतं ते सांगायला नको. शिक्षकाने या क्षणी काय करायचं? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अनेक कुटुंबांनी आपण कसत असलेल्या जमिनीचे दावे केले आहेत, आणि त्या दाव्यांसाठी अशीच उपग्रहचित्रं वापरली जातात. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांत त्याबद्दल स्पष्ट तरतूद आहे: उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक धरावं, त्यांच्या जागी धरू नये. म्हणजे वडीलधाऱ्यांचं सांगणं, जुनी विहीर, बांध, देवस्थान हेही पुरावेच. शिक्षकाने पाचवीच्या मुलांना हा नियम सोप्या शब्दांत सांगावा आणि मग विचारावं, की या हिरव्या आणि तपकिरी ठिपक्यांवरून तोडणारा कोण ते दिसतं का? वखारीपर्यंत लाकूड कोणी नेलं ते दिसतं का? दिसत नाही. चित्रावर किती विश्वास ठेवायचा हे शिकवण्यासाठी एवढा चांगला धडा मला दुसरा माहीत नाही, आणि तो कायद्याने आयता लिहून ठेवला आहे.

थोडं हलकंही घेऊ. रावेरच्या स्थानकावरून जाणारा भुसावळ-खंडवा लोहमार्ग हा १८७० मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या मुंबई-कलकत्ता रेल्वेचा भाग. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीतला फिलिअस फॉग याच मार्गाने जातो. बुऱ्हाणपूरला गाडी थांबते आणि त्याचा नोकर पासपार्तू तिथे चपलांची खरेदी करतो. त्याअर्थी त्यांची गाडी रावेरवरून गेलीच असणार, दुसरा मार्ग नव्हताच. गंमत पुढे आहे. भारतात कधीच न आलेल्या व्हर्नने खानदेशाचं वर्णन करताना तिथल्या नद्या बहुतेक गोदावरीला मिळतात असं लिहून टाकलं आहे. चौथीच्या वर्गासमोर नकाशा ठेवा आणि विचारा, साहेबांचं चुकलं कुठे? सुकी कुठे जाते? भोकर कुठे जाते? तापी कुठे निघते आणि कुठे वाहते? जगभर वाचल्या गेलेल्या पुस्तकातली चूक रावेरच्या पोराने पकडली, की त्या दिवशी त्याला तापी पाठ करावी लागत नाही.

आणखी एक खेळ मोबाइलचा. पूर्व रेखांश ७६ ही रेषा रावेर तालुक्यातून जाते. सावदा तिच्या पश्चिमेला, रावेर पूर्वेला. फोनमधला स्थान दाखवणारा भाग नेट नसतानाही चालतो. सहलीच्या गाडीत किंवा शेताच्या बांधावर चालत आकडा ७५.९९ वरून ७६.०० होताना पाहायचा, तिथे चुन्याची रेघ मारायची आणि फोटो काढायचा. पृथ्वीगोलावर शिक्षकाने दाखवलेल्या काळ्या रेषा खऱ्या जमिनीवर कुठेही दिसत नाहीत, हे कोडं मुलांना फार सतावत असतं. मग पाचवीला पुढचं गणित: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून धरतात, फरक साडेसहा अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं. त्या बांधावर सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळापेक्षा सरासरी २६ मिनिटं उशिरा.

ध्वनिमुद्रणाविषयी थोडं सावधपणे. मुलांनी आजी-आजोबांच्या मुलाखती घ्याव्यात हे आता सगळेच सांगतात. रावेरमध्ये त्याचा एक जादा फायदा आहे. लेवा बोलीत बोलणारी आजी पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला की आखडते; नातवाने घरच्या बोलीत विचारलं की सुटते. पावरी किंवा तडवी बोलीतलं सांगणं वर्गात वाजलं आणि त्याचा अर्थ वर्गाला त्या मुलाने सांगितला, तर एरवी गप्प बसणारं पोर त्या तासाचं शिक्षक होतं. उर्दू शाळेबरोबर अशा ध्वनिफितींची देवघेव केली तर एकाच गल्लीची दोन वर्णनं समोर येतात. पण विचारून घ्या, आणि लग्न, जमिनीचे वाटे, कर्ज, भांडण हे विषय निघाले की मुद्रण बंद करायला मुलांना आधी शिकवा. फोनवर घेतलेलं सांगणं संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सअॅप गटात पोहोचतं. मुलांचे चेहरे आणि नावं उघड ठिकाणी चढवू नयेत, हे तर आलंच.

जे बनवलं ते टिकवायचं कसं? इथे विलायतेतली एक गोष्ट उपयोगी पडेल. डूम्सडे बुक या अकराव्या शतकातल्या गावमोजणीला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी मोजणी केली, आणि ती शाळांकडून करवून घेतली. हजारो शाळांतल्या मुलांनी आपापल्या परिसराचे फोटो, नकाशे, वर्णनं पाठवली. सगळं मिळून दहा लाखांच्या आसपास लोकांचा हात लागला. मुलांनी बनवलेलं परिसर अभ्यासाचं एवढं मोठं बहुमाध्यम त्याआधी झालं नव्हतं. ते लेझर तबकड्यांवर साठवलं. तबकडी वाचणारी यंत्रं महाग होती, लवकरच बाजारातून गेली, आणि पंधरा वर्षांत स्थिती अशी आली की नवी मोजणी वाचताच येईना. १०८६ चं मूळ चामड्यावरचं पुस्तक मात्र अजूनही वाचता येतं. पुढे तंत्रज्ञांनी मोठ्या कष्टाने तो ठेवा वाचवला. आपल्याकडे पेनड्राइव्ह शिक्षकाच्या बदलीबरोबर जातो आणि लॅपटॉप पावसाळ्यात. तेव्हा प्रत्येक प्रकल्पाची एक कागदी वही शाळेच्या कपाटात राहिली पाहिजे: नकाशाची छापील प्रत, मुलाखतींचा लिहून काढलेला मजकूर, तारीख. गावाची नावं ओपनस्ट्रीटमॅपवर देवनागरीत चढवता येतात, तेही करावं. तो नकाशा कोणा एकाच्या मालकीचा नाही.

अडचणी मला माहीत आहेत आणि त्यांवर या पुस्तकात फार तोडगे नाहीत. विजेचं बिल थकलं की शाळेची वीज तोडतात. दिवसा उजेडात प्रोजेक्टरचं चित्र दिसत नाही आणि खिडक्या लावल्या तर एप्रिलमध्ये वर्गात बसवत नाही. दोन शिक्षकांकडे पाच इयत्ता. त्यात ऑनलाइन माहिती भरायची, केंद्राची शिक्षण परिषद, शिष्यवृत्तीचे जादा तास. अशा शिक्षकाला ‘नवोपक्रम करा’ म्हणणं सोपं असतं. म्हणून इथले धडे एका फोनवर आणि एका जुन्या लॅपटॉपवर होतील असे निवडले आहेत. पडदा लागतो तो आठवड्यातून एखादा तास. बाकीचं काम खडू, फरशी आणि गाव यांच्यावर चालतं. ज्या शाळेत तेही जमणार नाही तिथे निदान केळीच्या खेळाचे कागद भिंतीवर लागू शकतात.

यातले काही धडे फसतील. मुलांनी गोळा केलेली माहिती चुकीची निघेल, दोन आजोबा एकाच पुराचं वर्ष वेगवेगळं सांगतील. ते खोडू नका. दोन्ही लिहा आणि पुराचं वर्ष कसं शोधता येईल यावर एक तास घालवा. शाळेच्या जुन्या हजेरीपटात त्या दिवशीची गैरहजेरी सापडू शकते.

पहिलं प्रकरण विहिरींचं आहे. ते दिवाळीनंतर लगेच सुरू करावं, त्या वेळी विहिरींना पाणी वर असतं. मुलांना विहिरीच्या काठावर पाठवू नये. घरातल्या मोठ्या माणसांना पाण्याची खोली विचारून वहीत लिहायची आणि नकाशावर निळा ठिपका द्यायचा. तेच पुन्हा मार्चअखेरीस करायचं, सकाळच्या शाळा सुरू व्हायच्या आधी. दोन नकाशे एकापाठोपाठ पडद्यावर आले की काय विचारायचं त्याचे प्रश्न प्रकरणाच्या शेवटी दिले आहेत, पण मुलं बहुधा त्यांची वाट पाहणार नाहीत.